समासातली प्रश्नचिन्हं

बाबांच्या बायबलात समासाला पेन्सिलीची प्रश्नचिन्हं आहेत. टिपणं नाहीत, तारखा नाहीत, नुसती प्रश्नचिन्हं. काही इतकी पुसट की पान उजेडाकडे तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत, तर काही इतकी दाबून काढलेली की पातळ कागदाच्या मागून बोट फिरवलं तरी हाताला लागतात. ते गेल्यावर एकदा बसून मी ती मोजली. त्रेचाळीस भरली. उत्तर एकाचंही लिहिलेलं नाही.

बाबा पाळक होते, चर्चमधले धर्मगुरू. म्हणजे दिवसा नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात पाळक असायचे. जगातल्या कितीतरी पाळकांचं असंच असतं. आठवडाभर ऑफिस, संध्याकाळी कुणाचं आजारपण, कुणाचं भांडण, कुणाचं मर्तिक, आणि शनिवारी रात्री जेवणं उरकली की टेबलाशी. टेबलावर तीन वस्तू: बायबल, कणा मोडल्यामुळे सुतळीने बांधून ठेवलेली शब्दसूची (कुठला शब्द बायबलात कुठेकुठे येतो ते सांगणारी), आणि मॅथ्यू हेन्रीच्या टीकाग्रंथाचा, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या ग्रंथाचा, एक खंड. सहा खंडांतला चौथा, यशयापासून मलाखीपर्यंतचा, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकांवरचा. बदली होऊन गेलेल्या एका पाळकांनी सामान बांधताना तो बाबांच्या हाती ठेवला होता. बाकीचे पाच कुठे गेले देव जाणे. तीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचं. परिणाम असा झाला की आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांना, संदेष्टे जरा जास्तच ऐकायला मिळाले. हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाचे अध्याय अवघे तीन. त्यावर सलग सात रविवार उपदेश ऐकलेली मंडळी जगात दुसरी असेल असं मला वाटत नाही.

आता मागे वळून पाहताना हसू येतं, पण ते काही विनोदाचं प्रकरण नव्हतं. माणसाच्या हाताला जो खंड लागला तो त्याच्या मंडळीचा धर्मविचार झाला.

अमेरिकेतल्या गॉर्डन-कॉनवेल सेमिनरीच्या (सेमिनरी म्हणजे पाळक घडवणारी शाळा) अभ्यासकेंद्राचा एक अंदाज या विषयात पुन्हा पुन्हा समोर येतो. जगभरात सगळ्या पंथांचे मिळून पाळक आणि याजक साधारण ५० लाख, आणि त्यातल्या ५ टक्क्यांनीच धर्मशिक्षणाची रीतसर पदवी घेतलेली असावी. देणग्या मागणाऱ्या प्रत्येक पत्रकात हा आकडा असतो. मला त्याचं थोडं वावडं आहे. त्या हिशेबात बाबा उरलेल्या ९५ मध्ये जातात आणि ज्याने जन्मात पुस्तक उघडलं नाही असा उपदेशकही त्याच रांगेत बसतो. उलट पदवीदान झाल्या दिवसापासून ज्यांनी पुस्तक मिटलं ते ५ मध्ये. पण अंदाज म्हणून घेतला तर चित्र खोटं नाही. रविवारी सकाळी जगात जे लोक उभे राहून बोलतात, त्यातल्या बहुतेकांना कुणी बसवून शिकवलेलं नसतं.

‘सेमिनरी’ हा शब्द मुळात लॅटिनमधला, अर्थ रोपवाटिका. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ साली ठराव केला की प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात याजक घडवण्यासाठी अशी रोपवाटिका चालवावी. त्याआधी खेड्यातला याजक बहुधा जुन्या याजकाच्या हाताखाली राहून, बघून-बघूनच शिकायचा. वाफ्याची कल्पना चांगली होती आणि पुढे प्रॉटेस्टंट मंडळींनीही ती आपल्या परीने उचलली. गोम एवढीच की वाफ्यातलं रोप उपटून शेतात लावायचं असतं, आणि शहरातल्या वाफ्यात वाढलेल्या रोपाला शेत मानवतंच असं नाही.

ग्वातेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला हे फार लवकर कळलं. सेमिनरी राजधानीत होती. खेड्यातली तरुण मुलं तिथे शिकायला यायची आणि शिकून झालं की त्यातली बरीच परत जायची नाहीत. इकडे खेड्यातल्या मंडळ्या प्रत्यक्षात चालवत होते ते चाळिशीतले, बायकामुलांचे, शेती किंवा धंदा असलेले लोक. त्यांना तीन वर्षं घर सोडून शिकायला ये म्हणणं म्हणजे येऊ नको म्हणण्यासारखंच. मग तिथल्या मिशनऱ्यांनी, राल्फ विंटर, जेम्स एमरी, रॉस किन्स्लर यांनी, सेमिनरी उचलून सान फेलिपे नावाच्या गावी नेली, आणि १९६३ पासून सेमिनरीच विद्यार्थ्यांकडे जाऊ लागली. घरी बसून सोडवायची पुस्तकं तयार केली. आठवड्यातून एकदा शिक्षक गाडीने एखाद्या मधल्या गावी यायचे, आसपासचे पाच-दहाजण जमायचे, आठवडाभर जे वाचलं त्यावर बोलायचे, आणि संध्याकाळी आपापल्या शेतावर परत. दहाएक वर्षांत ही पद्धत लॅटिन अमेरिकेतून आफ्रिकेत आणि आशियात पसरली.

टेड वॉर्ड नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने या पद्धतीला लाकडी कुंपणाची उपमा दिली होती. एक आडवी पट्टी म्हणजे घरचं वाचन, दुसरी म्हणजे रोजची सेवा, आणि ठरावीक अंतरावरचे उभे खांब म्हणजे त्या आठवड्याच्या बैठका. खांब काढले तर पट्ट्या गवतात पडतात. उपमा मला आवडते, कारण पैसे वाचवायची वेळ आली की सगळ्यात आधी खांबच काढले जातात. पुस्तकं छापून पाठवणं सोपं, माणूस पाठवणं महाग.

बाबांपर्यंत ती गाडी आली नाही. त्यांनी एक पत्रद्वारा अभ्यासक्रम केला होता. पोस्टाने धडे यायचे, उत्तरं लिहून पाठवायची, लाल शाईच्या खुणा होऊन परत यायची. एकदा उत्तरपत्रिकेच्या तळाशी उरलेल्या जागेत बाबांनी स्वतःचा एक प्रश्न लिहून पाठवला. उत्तरपत्रिका दोन महिन्यांनी परत आली. गुण ९२, शेजारी ‘उत्तम’. प्रश्नाखालची जागा कोरी होती. बाबांनी ती उत्तरपत्रिका आईला दाखवली, गुणांसाठी. मला ती नंतर ट्रंकेत सापडली.

पुस्तकं पाठवणाऱ्यांना मी नावं ठेवते आहे असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. त्यातली एक बाई माझ्या फार आवडीची आहे. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांनी १८७५ साली विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक छापायला घेतलं, तेव्हा त्यांच्या पत्नी सुझॅना यांनी मुद्रितं वाचून म्हटलं की हे इंग्लंडमधल्या प्रत्येक पाळकाच्या हातात पडायला हवं. नवऱ्याने विचारलं, मग तू किती देशील? सुझॅनाबाई आजारी, घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या. पण त्यांनी पाच शिलिंगची नाणी वर्षानुवर्षं एका खणात साठवलेली होती. मोजली तर शंभर प्रतींपुरते पैसे निघाले. शंभर गरीब पाळकांना शंभर प्रती गेल्या, आणि त्यातून जो पुस्तकनिधी उभा राहिला तो बाईंनी मरेपर्यंत, म्हणजे १९०३ पर्यंत चालवला. दोन लाखांच्या आसपास पुस्तकं गेली असं म्हणतात. मला भावतं ते वेगळंच. पाळक त्यांना पत्रं लिहायचे आणि त्या उत्तरं द्यायच्या. अंथरुणाला खिळलेली बाई, शेजारी पत्रांचा ढीग.

पुढे विसाव्या शतकात हेच काम संस्थांनी हाती घेतलं. १९५८ साली घानात भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेच्या सभेतून धर्मशिक्षण निधी उभा राहिला. ४० लाख डॉलर, त्यातले निम्मे रॉकफेलर यांच्याकडचे. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या सेमिनऱ्यांची ग्रंथालयं त्यातून भरली. आणि मग १९७०च्या दशकात त्या निधीचे संचालक झाले तैवानचे शोकी को. त्यांनी अवघड जागी बोट ठेवलं: ही पुस्तकं लिहिली कुणी, आणि कुणासाठी? ‘संदर्भीकरण’ (धर्मविचार ज्या त्या समाजाच्या परिस्थितीतून मांडणं) हा धर्मशिक्षणात आता गुळगुळीत झालेला शब्द १९७२ च्या सुमाराला त्यांनीच चालू केला.

आता सगळं फोनवर आलंय. बाबांना जो चौथा खंड योगायोगाने मिळाला, त्याचे सहाही खंड आज कुठल्याही बायबल ॲपमध्ये फुकट आहेत. शब्दसूची आहे, ग्रीक आणि हिब्रू शब्दकोश आहेत, केंब्रिजच्या टिंडेल हाऊसने काढलेलं स्टेपबायबल तर इंटरनेट नसतानाही चालतं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाबा आठवून गळा दाटला. नंतर हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. हे फुकट आहे ते कुणाच्या उदारपणामुळे नव्हे, लेखक मरून शंभर-तीनशे वर्षं झाल्यामुळे. मॅथ्यू हेन्री १७१४ साली वारले. जेम्स स्ट्राँग यांची शब्दसूची १८९० सालची. लेखकाच्या मृत्यूनंतर निदान ५० वर्षं आणि बऱ्याच देशांत ७० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. तेव्हा या शतकात एखाद्या विदुषीने लिहिलेला उत्तम टीकाग्रंथ फुकट होईपर्यंत आज पाळणाघरात असलेला पाळक निवृत्त झालेला असेल. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पाळक आजचं वाचतो आणि ज्याच्याकडे नाहीत तो तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या राणी ॲनच्या काळातलं. हे कुणी ठरवून केलेलं नाही, पण गरीब मंडळ्यांचा धर्मविचार कायद्यातल्या त्या एका कलमाने घडवलाय, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

याने फरक काय पडतो? बाबांच्या त्रेचाळीसपैकी एक प्रश्नचिन्ह योहानाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात आहे. बेथेसदाचं तळं, अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस. चौथ्या वचनात म्हटलंय की देवदूत वेळोवेळी तळ्यात उतरून पाणी हलवायचा आणि त्यानंतर जो पहिला आत उतरेल तो बरा व्हायचा. बाबांच्या बायबलात हे वचन कंसात आहे. काही नव्या भाषांतरांत ते मजकुरात नाहीच. तिसऱ्यावरून थेट पाचवं. कुणी काढलं? कधी? मंडळीतल्या कुणी उभं राहून विचारलं तर पाळकाने काय सांगायचं? मॅथ्यू हेन्री त्या देवदूतावर ऐसपैस लिहितात. त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. सिनाय डोंगराच्या पायथ्याच्या मठातली चौथ्या शतकातली प्रत त्यांच्यानंतर जवळपास दीडशे वर्षांनी जगापुढे आली. तिच्यापेक्षाही जुने, इसवी सन २०० च्या आसपासचे मानले जाणारे दोन पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रती) १९५०च्या दशकात हाती लागले. या तिन्हींत ते वचन नाही. समासात कुणीतरी केलेला खुलासा पुढच्या नक्कलकाराने मजकुरात ओढून घेतला असावा, असं अभ्यासक धरून चालतात. समासात लिहिणारे लोक तेव्हाही होते.

सिनायची ती प्रत २००९ पासून सगळ्यांना पाहता येते. लंडन, लाइप्त्सिश, सेंट पीटर्सबर्ग आणि खुद्द तो मठ, अशा चार ठिकाणी विखुरलेली पानं पडद्यावर एकत्र आणलीत. मी ते पान उघडून पाहिलं. चार उभे रकाने, ग्रीक मोठी अक्षरं, दोन शब्दांमध्ये जागा नाही. कुठे पाहायचं ते कळेना. पान फुकट होतं, उघडं होतं, आणि मला बंदच होतं. ग्रीक येणाऱ्या एका मैत्रिणीने फोनवर, रकाना कितवा आणि ओळ कितवी, अशी एकेक खूण सांगितली तेव्हा ती जागा सापडली. चार मिनिटं लागली. बाबांना ती चार मिनिटं पन्नास वर्षांत मिळाली नव्हती.

उलट धोकाही आहे. शब्दकोश हातात आणि विचारायला कुणी नाही, म्हणजे काय होतं ते मी अनेक देशांतल्या उपदेशांत ऐकलंय. ‘ग्रीकमध्ये सामर्थ्याला दुनामिस म्हणतात, त्यावरूनच डायनामाइट, तेव्हा पवित्र आत्मा म्हणजे डायनामाइट!’ नोबेलने डायनामाइट काढलं ते १८६७ साली. बायबलातली पत्रं पौल लिहीत होता तेव्हा त्याच्या डोक्यात सुरुंग कुठून येणार? पण ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की यादी उघडते, यादीतलं जे आवडेल ते उचलता येतं, आणि शनिवारची रात्र असते. आता तर फोनलाच विचारतात; तो अर्ध्या मिनिटात अख्खा उपदेश लिहून देतो आणि ‘मला नक्की ठाऊक नाही’ असं क्वचितच म्हणतो. बाबांचं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह मला त्यापेक्षा प्रामाणिक वाटतं. असो.

भाषेचं तर बोलायलाच नको. संपूर्ण बायबल २०२० सालात ७०० भाषांत पोचलं, आणि ते काम थांबलेलं नाही. पण त्या बायबलाशेजारी ठेवायला टीकाग्रंथ, कोश, नकाशे, इतिहास म्हटलं की त्यातल्या बहुतेक भाषांचं कपाट रिकामं. म्हणून ‘आफ्रिका बायबल कॉमेंटरी’सारखं काम मोलाचं. टोकुन्बो अडेयेमो यांच्या संपादनाखाली ७० आफ्रिकी अभ्यासकांनी अख्ख्या बायबलावर एका खंडात लिहिलं. २००६ साली ते निघालं. एक खंड, पण यशयापासून मलाखीपर्यंतचाच नव्हे! पूर्वज, साथीचे रोग, जमातींमधलं वैर, असे त्या मंडळ्यांना खरोखर पडणारे विषय त्यात स्वतंत्र लेख होऊन आलेत. त्याच धर्तीवर पुढे इतरत्रही काम झालं. तरी एक खंड तयार व्हायला वर्षं लागतात आणि त्याचे भाषांतरकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कूश देशाच्या राणीचा खजिनदार रथात बसून यशया वाचत असतो. येशूचा अनुयायी फिलिप्प त्याला विचारतो, वाचताय ते कळतंय का? तो म्हणतो, कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं कळणार? लहानपणी बाबांच्या तोंडून ही गोष्ट मी वीसेक वेळा तरी ऐकली असेल (यशया आला की बाबा घरात आल्यासारखे व्हायचे), पण त्या खजिनदाराकडे सगळं होतं हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. गुंडाळी स्वतःची, अक्षरओळख होती, रस्ता लांबचा म्हणजे सवडही होती. त्याने फिलिप्पाकडे दुसरं पुस्तक मागितलं नाही. वर चढून शेजारी बसा म्हणाला.

दोन वर्षांपासून दर गुरुवारी रात्री आम्ही आठजण फोनवर जमतो. मी शिक्षिका नाही. वेळ ठरवणं, धडा पाठवणं, आणि तज्ज्ञ माणसाला महिन्यातून एकदा गळ घालून बोलावणं एवढं माझं काम. बाकी सातजण पाळक, सगळे नोकरी-धंदा करणारे. एकजण मालट्रकच्या केबिनमधून बोलतो. मागून हॉर्न ऐकू येतात. एका बाईंचं बाळ झोपेपर्यंत त्या फक्त ऐकतात. आवाज तुटतो, कुणीतरी ‘ऐकू येतंय का’ म्हणत राहतं, त्यात पाव तास जातो. धडे संपले की मी बाबांच्या समासातलं एखादं प्रश्नचिन्ह मांडते.

मागच्या महिन्यात लूकाच्या शुभवर्तमानातल्या सोळाव्या अध्यायातलं मांडलं. येशूच्या दृष्टांतातला अन्यायी कारभारी. नोकरी जाणार असं कळल्यावर तो मालकाच्या कुळांना बोलावतो, शंभर मापं तेल देणं असलेल्याला पन्नास लिही म्हणतो, शंभर मापं गहू असलेल्याला ऐंशी, आणि मालक त्याला शाबासकी देतो. बाबांचं इथलं चिन्ह फार दाबून काढलेलं आहे. लबाडीची शाबासकी कशी? मंडळीला सांगायचं काय?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गोदामात हिशेबनीस असलेले पाळक म्हणाले, “ताई, तेलाला निम्मं आणि गव्हाला पाचवा हिस्सा का सोडला, ते बघा ना.”

मी म्हटलं, का?

“गहू मुठीत घेऊन बघता येतो. तेलात परत देताना काय मिसळून देतील सांगता येत नाही. म्हणून उधारी देताना तेलावर आधीच जास्त चढवून लिहून घेतात. पन्नास दिलं, शंभर लिहिलं. आमच्याकडे वही नुसती चाळली तरी कळतं. हा माणूस मालकाचं मूळ बुडवत नाहीये, वर चढवलेलं खोडतोय. आणि मालक ओरडणार कसा? व्याज घेणं त्यांच्या नियमशास्त्रात मना. ओरडला तर स्वतःच सापडला.”

हे त्यांनी कुठे वाचलं, असं मी विचारलं. कुठेच नाही. पहिल्या नोकरीपासून हिशेबाची वही लिहितात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्या ग्रीकवाल्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, हे तर डेरेट. लंडन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक डंकन डेरेट यांनी १९६१ साली जवळपास हाच युक्तिवाद मांडला होता: व्याजाला बंदी म्हणून ते मुद्दलात मिसळून लिहिलं जायचं आणि कारभाऱ्याने खोडलं ते तेच. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही, पण त्या दृष्टांतावर लिहिणाऱ्याला डेरेटना ओलांडून जाता येत नाही. मी तो लेख शोधला. पहिलं पान दिसतं, पुढचं वर्गणीशिवाय उघडत नाही.

गुरुवारी हे सगळं मी हिशेबनीस पाळकांना सांगितलं. साठ वर्षांपूर्वीच एका प्राध्यापकांनी हे लिहून ठेवलंय म्हटल्यावर त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. ते जरा वेळ गप्प राहिले.

“त्यांना कुठून कळलं? गोदामात होते का ते?”

नाही, म्हटलं, कायद्याचे अभ्यासक, हिंदू कायद्याचे मोठे जाणकार.

“मग मिळाला लेख तर वाचून दाखवा. गव्हाचं त्यांनी काय म्हटलंय ते बघायचंय. गव्हात पण एक भानगड असते,” ते म्हणाले. तेवढ्यात ट्रकवाल्यांचा आवाज मध्ये आला, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का.